नेमाची काळजी करू नकोस

तेलविहिरीवरचा तळ, उत्तर आल्बर्टा
६ सप्टेंबर १९९२

ताई,

आधी पोटभर हसून घे. आठवीतून पळून बाबांच्या बोटीत जाऊन बसलेला तुझा भाऊ पत्र लिहायला बसलाय. पलीकडच्या खाटेवरचा गडी मघापासून विचारतोय, "काय रे सेल्बी, पोरगी पटली का?" मी म्हटलं, पटली, पन्नाशीची आहे आणि बंदूक विकतेय. ते खरंच आहे, पुढे सांगतो.

रविवारी फोनवर तू धड काही बोललीच नाहीस. माझ्या मागे रांगेत गडी उभे, प्रत्येकाच्या तोंडात शिवी, आणि तू दोन गोष्टी सांगून फोन ठेवलास. एक, मूसच्या शिकारीचा परवाना आला. दोन, बंदूक गेली. अगं, या दोन गोष्टी एका दमात सांगतात का कुणी? किती वर्षं अर्ज करतोय आपण! आता कुठे चिठ्ठी निघाली, बाबांचं नाव आणि खाली जोडीदार म्हणून माझं. आणि बंदूक गेली म्हणजे काय? गंज चढला? बाबांच्या बंदुकीला? आईच्या शिलाई मशीनला तेल मिळत नाही पण त्या बंदुकीला मिळतं.

आणि बाबा फोनवर का आले नाहीत? दुपारचे झोपलेत म्हणालीस. मला वाटलं फोन चुकीच्या घरी लागला.

सरकारने मासेमारी बंद केली ते इथेही सगळ्यांच्या तोंडी आहे. आपल्या बेटावरची निम्मी पोरं या तळावर आहेत, जेवताना दुसरा विषय नाही. जुलैपासून बोट वर ओढलेली आणि घरी सरकारचा चेक येतोय. बाबा तो चेक हातात कसा धरत असतील ते मला इथून दिसतं, शेपटीला धरलेल्या मेलेल्या उंदरासारखा. म्हणून म्हणतो, हा परवाना अगदी वेळेवर आलाय. चार दिवस जंगलात गेले की बाबा ताळ्यावर येतील. एक मूस, ते घोड्याएवढं हरण, पडला की हिवाळाभर मांसाच्या बरण्या.

बंदूक मी घेणार, ठरलं. पैसे फार नाहीत, आधीच्या तळावर मुकादमाशी वाजलं आणि मधले तीन आठवडे फुकट गेले, तू आईला सांगू नकोस. तेव्हा नेम पक्का आणि किंमत हलकी अशी शोधायची. गावातल्या गहाणवटीच्या दुकानात एक आहे, दुर्बीण लावलेली, पण दुर्बिणीत बघितलं तर आत धुकं. दुसरी एका ड्रिलरची, जवळपास नवी, भाव ऐकून मी त्याला म्हटलं, मूस पण बरोबर देतोस का? तिसरी आमच्या स्वयंपाकिणीची, बर्निसची. तिचा नवरा पळाला, बंदूक विसरला. "त्याच्याहून बंदूक बरी होती," म्हणते, "निदान सांगितलं तिकडे बघायची."

तिन्ही बघून कळवतो. बाबांना सांग, पोरगा बंदूक घेतोय.

सेल्बी


लाँग टिकल, न्यूफाउंडलंड
१४ सप्टेंबर

सेल्बी,

तुझं पत्र आलं. अक्षर अजून कोंबडीच्या पायाचंच आहे, पण वाचता आलं.

फोनवर मी बोलू शकत नाही, कारण फोन स्वयंपाकघरात आहे आणि बाबा आता स्वयंपाकघरातच बसतात. नाहीतर बोटीत. वर ओढलेल्या बोटीत जाऊन बसतात, तोंड खाडीकडे करून. पाऊस असला तरी. आई हाक मारते, मग येतात.

बंदुकीचं विचारलंस. ती पाण्यात पडली. बोटीतून काढताना हातून सुटली. खोल होतं तिथे. आता तो विषय नको.

आणि तू घाई करू नकोस. यंदाची शिकार नाही झाली तर काही बिघडत नाही. मांस लिअँडरकाका देतील थोडं. तू पैसे जपून ठेव, हिवाळ्यात तुलाच लागतील. खरंच सांगते, बंदूक नकोय.

बाकी सांगायचं तर बाबा कामात असतात. परसात लाकडाची एवढी रास लावलीय की खिडकीतून चर्च दिसेनासं झालं. आई म्हणाली, "अहो, एवढं जाळायला आपल्याला तीन हिवाळे लागतील." बाबा म्हणाले, "लागू देत." गेल्या आठवड्यात त्यांनी आईला तळघरात नेलं आणि थंडीत विहिरीचा पंप कसा रिकामा करायचा, नळ्या फुटू नयेत म्हणून कुठली तोटी आधी सोडायची, ते सगळं शिकवलं. आईने एवढ्या वर्षांत त्या पंपाला हात लावला नव्हता. तिला दोनदा करून दाखवायला लावलं. चांगली जाळी लिअँडरकाकांना देऊन टाकली. काका घेत नव्हते. म्हणाले, "हेडली, पुढच्या वर्षी मासेमारी उघडली तर?" बाबा म्हणाले, "तेव्हा तुला लागतील."

तू जेवतोस ना नीट? त्या बाईच्या हातचं कसं आहे?

तुझी
डल्सी


तळ
२२ सप्टेंबर

ताई,

तुझं पत्र वाचून आधी खूश झालो, मग भडकलो. खूश झालो कारण बाबा फॉर्मात दिसतायत. तीन हिवाळ्यांचं लाकूड! या वयात! आणि आईला पंप शिकवला, म्हणजे माझ्याबरोबर जंगलात लांब जायचा बेत आहे त्यांचा, मागे घर अडू नये म्हणून. तुझ्या लक्षात आलं नाही का? बाई माणसाला शिकारीतलं कळत नाही म्हणतात ते यालाच.

भडकलो कारण तू त्या माणसाला घरात बसवून ठेवायला निघालीस. बंदूक नको म्हणे. लिअँडरकाका मांस देतील म्हणे. हेडली पार्डीने शेजाऱ्याच्या बरणीतला मूस खायचा? जाळी गेली, मासा गेला, आता बंदूक पण नको, मग त्यांनी काय करायचं दिवसभर, तुझ्याबरोबर लोकर विणायची? चेक येतोय ना, बसा गप्प, असं सरकार म्हणतं आणि तू पण तेच म्हणतेस. तुझी मासळीची फॅक्टरी बंद झाली म्हणून तू हताश झालीस, पण त्यांना ओढू नकोस त्यात.

हं, आता थंड झालो. बंदुकांचं ऐक.

गहाणवटवाली बाद. नळीच्या तोंडाशी नख फिरवलं तर एका बाजूला खरवडलेलं लागलं. तोंडच खराब असेल तर गोळी निघतानाच वाकडी निघते, मग दुर्बीण सोन्याची लाव. ड्रिलरची चांगली आहे, पण तिची काडतुसं आपल्या दुकानात मिळणार नाहीत. बाबांचं हेच असतं ना, दुकानात जी गोळी मिळते तीच बंदूक घ्यायची, नाहीतर ऐन मोसमात भिंतीवर टांगून आरती करा.

राहिली बर्निसची. जुनी लष्करी थ्री-नॉट-थ्री, आपल्या बंदुकीची बहीणच. नळी आतून आरशासारखी. पण लाकडी दस्ता मुठीपाशी चिरलाय, नवऱ्याने बर्फावर आपटला होता, म्हणून स्वस्त. काथ्याने बांधून मी आणि बर्निस खडीच्या खाणीत गेलो. कॉफीच्या डब्याचं झाकण शंभर पावलांवर लावलं. मी तीन गोळ्या मारल्या. तिन्ही झाकणात! मी नाचायला लागलो तर ती म्हणते, "थांब रे बेडका, नळी तापल्यावर कुणीही मारतं. उद्या सकाळी गार नळीने एकच मार."

ताई, मला रडू आलं. अगदी बाबांसारखं बोलली. आठवतं तुला, ते मला काही केल्या मूसवर गोळी झाडू देत नव्हते? रोज सकाळी एकच गोळी, गार नळीने, आणि ती झाकणात बसली नाही तर बंदूक परत पेटीत. मी म्हणायचो दुसरी मारू द्या ना. ते म्हणायचे, मूसला विचार दुसरी मारू देतो का. गोळी दोन बोटं बाजूला गेली म्हणून लिअँडरकाकांची नवी बंदूक त्यांनी हातात धरायला नकार दिला होता, काका वर्षभर बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारली. झाकणात.

पण घेण्याआधी बाबांना विचारतो. याच टपालाने त्यांना वेगळं पत्र टाकलंय, तिन्ही बंदुकांचं सगळं लिहून. बघच तू, चार पानं येतील उत्तराची, नळीच्या प्रत्येक इंचाबद्दल.

सेल्बी


लाँग टिकल
३० सप्टेंबर

सेल्बी,

पत्र मिळालं. तू खूप लिहिलंस.

नेमाची काळजी करू नकोस. कुठलीही चालेल. स्वस्त असेल ती घे आणि लवकर पाठव. काडतुसांचं अख्खं खोकं घेऊ नकोस, पैसे फुकट जातात. एखाददोन बरोबर टाकलीस तरी पुरे.

आईला गरम कपडे लागतील तेव्हा डल्सीला शहरात घेऊन जायला सांग. आईचा स्वभाव तुला माहीत आहे, तिच्यावर आवाज चढवू नकोस. बोट विकायची झाली तर लिअँडरला आधी विचार, त्याचा हात साफ आहे.

तू चांगला पोरगा आहेस. मी हे बोललो नसेन कधी.

हेडली जे. पार्डी


तळ
८ ऑक्टोबर

ताई,

बाबांचं पत्र आलं. मी ते सकाळपासून इतक्या वेळा वाचलंय की घडीवर फाटलं.

नेमाची काळजी करू नकोस असं लिहिलंय. ताई, बाबांनी. नेमाची काळजी करू नकोस. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं शब्द माझ्याच डोक्यातून गळला, "नेमाची काळजी कर" असेल. परत वाचलं. कुठलीही चालेल. एखाददोन काडतुसं पुरे. अगं, मूसच्या मागे जाताना ज्यांनी मला कधी पाचाच्या खाली खिशात ठेवू दिली नाहीत, जखमी जनावर झाडीत सोडून घरी येणाऱ्याला जे माणूस म्हणत नाहीत, ते म्हणतात एखाददोन पुरे!

बर्निसला दाखवलं. मला वाटलं हसेल. तिने वाचलं, ओट्यावर ठेवलं, हात पुसले आणि म्हणाली, "सेल्बी, तुझे वडील शिकारीला चाललेले नाहीत."

मी तिला शिवी दिली.

आणि मला चांगला पोरगा म्हटलंय. ताई, खरं सांग, घरी काय चाललंय? ते लाकूड. तो पंप. मी गाढव, मी लिहिलं फॉर्मात आहेत. आणि सही बघ, मला पत्र लिहिताना पूर्ण नाव, सरकारी कागदावर करतात तशी.

रविवारी फोन केला, आईने उचलला, मागे बाबा खोकल्याचा आवाज आला. म्हटलं त्यांना दे. "ते म्हणतात, पत्र लिहिलंय." मग लिअँडरकाकांना फोन लावला. विचारलं, बाबा कसे आहेत? तर म्हणतात, "वारा उत्तरेचा आहे." मी ओरडलो, "काका, मी वाऱ्याचं नाही विचारलं!" तर म्हणतात, "माहितीय रे मला." मागच्या रांगेतला एक म्हणाला, आवर ना बाबा. मी त्याच्या अंगावर गेलो. मुकादमाने आता शेवटची ताकीद दिलीय.

बंदूक पाण्यात कशी पडली? बोटीतून काढताना म्हणालीस. बोट जुलैपासून वर आहे. बोटीत बंदूक कशाला असेल?

लवकर लिही. लपवू नकोस. मी दूर आहे म्हणून मला लहान समजू नकोस.

सेल्बी


लाँग टिकल
१५ ऑक्टोबर

सेल्बी,

हे पत्र मी लिअँडरकाकांकडे बसून लिहितेय. काकू चहा ठेवतेय आणि मुद्दाम माझ्याकडे पाठ करून उभी आहे.

बंदूक मी टाकली. धक्क्यावरून. ऑगस्टच्या शेवटी.

त्या दिवशी सकाळी बाबा दिसले नाहीत म्हणून खाली मासे साफ करायच्या शेडमध्ये गेले. रिकाम्या पिंपावर बसले होते, मांडीवर बंदूक. शिकारीचा मोसम नव्हता, सेल्बी. तेलाचं फडकं पण नव्हतं हातात. मी म्हटलं, "बाबा, चहा गार होतोय." ते माझ्याकडे बघत राहिले, मी कोणाची कोण ते आठवत असल्यासारखे. मी परत म्हटलं, चहा. मग उठले, बंदूक खुंटीला लावली, आले, चहा प्यायले, दोन पाव खाल्ले, वर मुरंबा मागितला. मी त्यांच्यासमोरून हलले नाही.

दुपारी ते आडवे झाले, आई प्रार्थनेच्या बायकांकडे गेली. मी बंदूक परकरात गुंडाळून नेली आणि फेकली. जड असते रे ती. मला वाटलं पाणी हलायचं थांबणारच नाही. संध्याकाळी त्यांना खुंटी रिकामी दिसली. नंतर मी तुला सांगितलं तेच आईला सांगितलं, पाण्यात पडली, आणि ते ऐकत बसले, खोटं आहे म्हणाले नाहीत.

तुला लिहायचं मनात होतं. कसं लिहू? एकदा कागदावर उतरलं की ते खरं होतं असं वाटायचं. आणि तू तिकडे एकटा. तू तर लिहिलंस मी लोकर विणते. विणते मी. रात्री झोप येत नाही म्हणून विणते, आणि पायऱ्या वाजल्या का ते ऐकते.

लिअँडरकाकांनी आपल्या दोन्ही बंदुका मुलीकडे पलीकडच्या गावी पाठवल्या. बाबांनी मागितली होती एक, "परवाना आलाय, पोरगा येईपर्यंत दे." काकांनी सांगितलं, दुरुस्तीला दिल्या. बाबा म्हणाले, "दोन्ही?" काका म्हणाले, "दोन्ही." मग काका वाऱ्याबद्दल बोलायला लागले. तो माणूस तुझ्याशी बोलून झाल्यावर अंगणात जाऊन उभा होता तासभर.

दर मंगळवारी फिरती नर्स येते. तिला मी सगळं सांगितलंय. चांगली आहे, तुझ्या वयाची. ती येते तेव्हा बाबा बोटीत जाऊन बसतात. गेल्या मंगळवारी ती पण शिडी चढून बोटीत जाऊन बसली. काय बोलली माहीत नाही. बाबा खाली आले तेव्हा म्हणाले, "त्या पोरीला बोटीत पाय कुठे ठेवायचा ते कळत नाही."

आता तूच सांग मी काय करू. तू नाही पाठवलीस तर ते दुसऱ्या कुणाकडून मिळवतील. वरच्या अंगाला राहणाऱ्या आपल्या चुलतभावाला निरोप गेलाय असं ऐकते. त्याला काही माहीत नाही, तो आनंदाने देईल. आणि नाही म्हणून कळवलंस तर त्यांना कळेल की तुला कळलंय, आणि मग ते तुझ्याकडेही बघणार नाहीत, जसे माझ्याकडे बघत नाहीत. आणि तू पाठवलीस तर, पुढचं मी लिहू शकत नाही.

तू ये. जमेल तसा ये.

ताई


तळ
२४ ऑक्टोबर

बाबा,

हे पत्र एकटेच वाचा. किंवा ताईसमोर वाचा, तुम्हाला वाटेल तसं.

बंदूक घेतली. बर्निसची. वेगळ्या पार्सलने पाठवतोय, या पत्राच्या मागेपुढे येईल. दस्ता चिरलेला आहे ते मी लिहिलंच होतं. तो काढून टाका, दुरुस्त करू नका, नवाच करा. मागच्या टेकडीवरच्या बर्चचं लाकूड सुकवून ठेवलेलं आहे ना तुमच्याकडे, त्यातला. माझ्या खांद्याच्या मापाने करू नका, तुमच्या करा. मला कोरता येत नाही, तुम्हाला माहीत आहे, मी वल्हं केलं होतं ते चमच्यासारखं झालं होतं.

चुलतभावाला निरोप पाठवायची गरज नाही. त्याला मी फोन करून सांगितलंय की घरी बंदूक आलीय, दुसरी देऊ नकोस. का ते नाही सांगितलं. तो म्हणाला बरं.

बंदुकीला बोल्ट नाही. खोकं उघडल्यावर तुम्हाला दिसेलच, मागची जागा मोकळी आहे. हरवला नाही. मी काढून घेतला. तो माझ्याकडे आहे, लोकरीच्या मोज्यात, उशाखाली. तो बसवल्याशिवाय ती बंदूक म्हणजे नुसती नळी, तिने चूल फुंकता येईल. काडतुसं पण पाठवलेली नाहीत, एक नाही.

आता तुम्हाला राग आला असेल. येऊ दे.

बाबा, ताईने मला सगळं लिहिलंय. तिच्यावर चिडू नका, मीच खोदून विचारलं. आणि तिने सांगितलं नसतं तरी मला कळलं असतं, तुम्हीच लिहिलंत मला. नेमाची काळजी करू नकोस म्हणून. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी बंदूक पाठवून मोकळा झालो असतो.

मी शाळेत शिकलो नाही, मला हे नीट लिहिता येत नाही. मी इतकी वर्षं तुमच्या बोटीत तुमच्या पाठीमागे बसलो आणि तुमची पाठ बघितली. कधी विचारलं नाही की काय चाललंय तुमच्या मनात. विचारायची रीतच नव्हती आपली. आता विचारतोय, इतक्या लांबून, कागदावर, मूर्खासारखा. मासा गेला म्हणून तुम्ही पण जायचं, असं कुणी ठरवलं? मला मूस नको. मला चांगला पोरगा म्हणू नका, मला शिव्या द्या, म्हणा वल्हं धड करता येत नाही, म्हणा आठवीतून पळाला.

मला आत्ता निघायचं होतं. मुकादम म्हणतो पाळी पूर्ण होईपर्यंत हिशोब मिळणार नाही, आणि हिशोबाशिवाय मला बसचं तिकीट पण नाही, बंदुकीतच गेले सगळे. त्याच्या पाया पडायचं तेवढं बाकी आहे. चौदा नोव्हेंबरला सुटतो. तिथून बस, मग फेरीबोट. एकविसाव्या तारखेपर्यंत दारात असेन, वारा असला तरी.

तेवढे दिवस काढा. मला दुसरं काही मागायचं नाही. रोज सकाळी थोडा दस्ता कोरा, दुपारी आईने हाक मारली की या. नर्सला बोटीत पाय कुठे ठेवायचा ते शिकवा.

तुम्ही उत्तर लिहिलंत तर इथे बाराव्या-तेराव्या तारखेला पोचेल. मी टपालवाल्याच्या गाडीची वाट बघणार आहे. नाही आलं तर मी काय समजायचं ते मला माहीत नाही.

सेल्बी


लाँग टिकल
४ नोव्हेंबर

सेल्बी,

पार्सल काल आलं. तुझं पत्र परवा.

पत्र वाचून मी ते चुलीत टाकायला उठलो होतो. बापाला बिनबोल्टाची बंदूक पाठवतोस. मला कोण समजतोस तू? हे मी मोठ्याने बोललो. आई म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, तुझ्या पोराने चूल फुंकायला नळी पाठवलीय. ती म्हणाली, दाखवा. मी तिला पत्र दिलं. मला वाटलं नव्हतं मी देईन. तिने वाचलं. मग ती माझ्या शेजारी बसली. तिला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं वाटतं, एक तू सोडून.

डल्सीला मी सांगितलं नव्हतं ते तुला सांगतो, तू तिला सांग, मला जमणार नाही. ती बंदूक घेऊन धक्क्यावर गेली तेव्हा मी झोपलो नव्हतो. वरच्या खिडकीत उभा होतो. परकरात गुंडाळून चाललेली, वाकून, लहान मूल उचलल्यासारखी. मी खिडकी उघडून हाक मारू शकलो असतो. नाही मारली. फेकल्यावर ती तिथेच खाली बसली. तेव्हा पण नाही मारली. मला बरं वाटलं की गेली. आणि मग महिन्याभराने मीच दुसरी मागायला लागलो. हे कसं, ते मला विचारू नकोस. माझं मलाच कळत नाही. काही दिवस बरे जातात. काही दिवस सकाळी उठून पायात बूट घालायचे की नाही इथूनच सुरुवात असते.

नर्स मंगळवारी आली होती. मी बोटीत गेलो नाही. ती म्हणते शहरात एक डॉक्टर आहे, बोलायचा. मी म्हटलं, मी बोलत नाही, लिअँडरला विचार. ती म्हणाली, "त्यांना विचारलं, ते म्हणाले वारा उत्तरेचा आहे." मला हसू आलं. डल्सी दारात होती, ती एकदम आत निघून गेली. पुढच्या आठवड्यात नर्सच्या गाडीने जायचं ठरलंय. जाईन की नाही ते त्या दिवशी सांगेन, आज वचन देत नाही.

दस्ता काढला. आतल्या बाजूला कुणीतरी खिळा ठोकलाय, तो नवरा पळाला ते बरं झालं. बर्चचा तुकडा बघून ठेवलाय, अजून हत्यार लावलेलं नाही.

आज सकाळी डल्सी म्हणाली, "सेल्बीला लिहू का, बोल्ट पाठवून दे म्हणून? तुम्हाला कामाला लागेल, दस्ता नीट बसतो का बघायला." तिला माझी परीक्षा घ्यायची होती, की खरंच वाटलं, कोण जाणे. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी म्हटलं, मीच लिहितो.

तर लिहितोय. एकवीस तारखेला मी दारात असेन. पण सेल्बी, तो बोल्ट पोस्टाने पाठवू नकोस. कुणी मागितला तरी. मी मागितला तरी.

बाबा